नौकाविहाराचा हंगाम : मुंबई बंदरातील क्लब, मोसमी वारा आणि सभासदांच्या जलसहली

चंदगड हे बंदर नव्हे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या या तालुक्यातील ताम्रपर्णीचे पाणी घटप्रभेस मिळून कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे जाते. तिलारी मात्र घाट उतरून गोव्यात शापोरा या नावाने अरबी समुद्रास मिळते. असे असले तरी समुद्राच्या दिनक्रमापासून हा घाटमाथा कधीच अलिप्त नव्हता. बेळगावकडून रामघाटाने वेंगुर्ल्यास उतरणारे बैलांचे तांडे पावसाळ्याच्या तोंडाशी थांबत, कारण चिखलाने वाट बंद होई आणि खाली बंदरही बंद झालेले असे. जूनमध्ये जो नैर्ऋत्य वारा चंदगडच्या शेतकऱ्यास भातलावणीच्या घाईत लोटतो, तोच वारा मुंबई बंदरातील शिडाच्या नौकांना पाण्याबाहेर काढावयास लावतो. नौकाविहाराच्या क्लबांचा ‘हंगाम’ समजून घ्यावयाचा तर आरंभ या वाऱ्यापासूनच करावा लागतो. मेजवान्या, नृत्ये व पारितोषिक-समारंभ यांचा क्रम त्यामागून येतो.

शिडाच्या नौकेतून केवळ विहारासाठी फिरणे व त्यासाठी मंडळी जमवून नियम करणे, ही प्रथा युरोपातील. ‘यॉट’ हा शब्द मूळचा डच. पाठलागाच्या वेगवान नौकेस तो लावला जात असे. आयर्लंडमधील कॉर्क बंदरात १७२० साली स्थापन झालेली मंडळी ही अशा क्लबांतील सर्वांत जुनी मानली जाते. इंग्लंडात १८१५ साली निघालेल्या क्लबामुळे काउझ हे गाव या छंदाचे माहेर झाले आणि १८२६ पासून तेथे ऑगस्ट महिन्यात शर्यतींचा सप्ताह भरू लागला. या सप्ताहात शर्यती किती आणि गाठीभेटी किती याचा निवाडा करणे सोपे नाही. लंडनच्या उच्चभ्रू समाजाचा उन्हाळी हंगाम जेथे संपे तेथे काउझचा सप्ताह येई. म्हणजे समुद्राचे पंचांग आणि समाजाचे पंचांग ही दोन्ही एकाच ठिकाणी बांधलेली होती. हीच बांधणी इंग्रजांनी मुंबईस आणली. परंतु मुंबईच्या समुद्राने तिचा क्रम उलटा केला.

बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ साली झाली व १८७६ साली त्यास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पालवा बंदरावर, ज्याचे इंग्रजी तोंडात ‘अपोलो बंदर’ झाले, तेथे १८८१ साली क्लबाची वास्तू उभी राहिली. ऑगस्ट हा काउझचा महिना. मुंबईस मात्र ऑगस्टात समुद्र खवळलेला. त्यामुळे येथील शर्यती दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत चालत आणि जूनपूर्वी नौका उतरवून, डोलकाठ्या काढून, छपराखाली ठेवीत. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, जून ते सप्टेंबर ही विश्रांती. इंग्लंडात थंडीत नौका बांधून ठेवीत. मुंबईत थंडी हाच नौकाविहाराचा ऐन काळ.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. क्लबाचा हंगाम आणि कोळ्यांचा हंगाम हे एकाच समुद्रावर असूनही एक नव्हते. श्रावणी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावर कोळ्यांचे मचवे पाण्यात जातात. क्लबाची नौका मात्र आणखी दोन महिने छपराखाली राही. एकाचे पोट समुद्रावर अवलंबून, दुसऱ्याची करमणूक. करमणुकीस वाट पाहणे परवडते. आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस कायद्याने बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या पैदाशीस अवसर देणे हा असला, तरी जुन्या वहिवाटीशी ती बरीचशी जुळते.

पावसाळ्यात नौका थांबल्या तरी समाज थांबत नसे. तो स्थलांतर करी. मुंबई सरकारचा कारभार पावसाळ्यात पुण्यास हलत असे. गव्हर्नरांचे गणेशखिंडीतील निवासस्थान, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य वास्तू, हे त्या हंगामाचे केंद्र. उन्हाळ्यात तीच मंडळी महाबळेश्वरी जात. या तिन्ही ठिकाणी पाण्यावर नौका होत्याच. महाबळेश्वरचे वेण्णा तळे सातारच्या राजांनी १८४२ साली बांधविले. पुण्यास बंडगार्डनजवळच्या बंधाऱ्यामुळे मुळा-मुठेचे पाणी तुंबून राही आणि त्या पाण्यावर १८६८ साली स्थापन झालेल्या, पुढे ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या बोट क्लबाच्या होड्या चालत. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, अशा वर्तुळात हा समाज फिरे. बोट क्लबांचे हे जाळे एकत्र पाहिले म्हणजे यॉट क्लबाचा चार महिन्यांचा मुक्काम रिकामा का वाटत नसे, ते कळते.

क्लबाच्या सामाजिक जीवनाचे वर्णन थोडक्यात पुरे आहे. संध्याकाळी हिरवळीवर खुर्च्या मांडून बसावे, बँड ऐकावा, समोर बंदरात नांगरलेल्या नौका पाहाव्यात, शर्यतीच्या दिवशी तोफेच्या आवाजावर घड्याळे जुळवावीत आणि रात्री भोजनानंतर नृत्य असावे, असा एकंदर थाट होता. विलायतेहून आलेल्या आगबोटीचा उतारू पालवा बंदरावर पाय ठेवी तेव्हा त्याला प्रथम हीच वास्तू दिसे. गेटवे ऑफ इंडियाची कमान तिच्या शेजारी पुढे उभी राहिली. तिचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले.

या हिरवळीवर भारतीयांस सभासद म्हणून स्थान नव्हते. शहरातील धनिक पारशी, भाटिये वा मराठी सरदार कितीही प्रतिष्ठित असोत, नियम सर्वांना सारखाच लागू होता. १९१७ साली गव्हर्नर विलिंग्डन यांच्या प्रेरणेने भारतीय व युरोपीय या दोघांसही मोकळा असा निराळा क्लब मुंबईत निघाला, यावरूनच जुन्या क्लबांची दारे किती घट्ट होती हे स्पष्ट होते. मात्र भारतीयांवाचून त्या नौका चालत होत्या असे समजणे चुकीचे ठरेल. नौका घासणे, रंगविणे, शिडे शिवणे व सांभाळणे, नांगर टाकणे, किनाऱ्यावरून माणसे नौकेवर पोहोचविणे ही कामे कोकणातील व मुंबईतील खलाशी करीत. बंदरातील खडक कोठे, डोलीच्या जाळ्यांचे खुंट कोठे रोवलेले, कोणत्या घटकेस पाण्याचा ओढ फिरतो, हे ज्ञान तांडेलांजवळ होते. क्लबाच्या वहीत शर्यतीचा विजेता म्हणून मालकाचे नाव लिहिले जाई. वाऱ्याचा अंदाज कोणी सांगितला याची नोंद करण्याची पद्धत नव्हती.

हे ज्ञान किती नेमके आहे, याची कल्पना क्लबाच्या एका साध्या दिवसभराच्या सहलीवरून येते. मुंबई बंदरातून शिडाच्या नौकेने जाण्याची नेहमीची ठिकाणे दोन : दक्षिणेस समुद्रापलीकडे मांडवा आणि पूर्वेस बंदराच्या आत घारापुरी. गेटवेपासून मांडवा सुमारे ८ सागरी मैल आहे. घारापुरी त्याहून थोडी जवळ. अननुभवी माणसास वाटेल की, रविवार मोकळा आहे, मन होईल तिकडे जावे. प्रत्यक्षात ‘कोठे’ याचे उत्तर पुष्कळदा तिथी देते.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब सर्वश्रुत आहे. तिथीचा अंक पाऊणपट करावा. जो अंक येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून पहाटे सहा व सायंकाळी सहा या सुमारास भरती. मध्ये दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारपूर्वी व मध्यरात्रीच्या आधी. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. हिशेबाच्या सोयीसाठी त्याची पाऊण तास केली आहे एवढेच. स्थळपरत्वे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तथापि छापील कोष्टके जवळ नसताना हा हिशेब तांडेलास पुरतो.

आता यास वाऱ्याची जोड द्यावी. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो साधारणतः ईशान्येकडून येतो. ऊन चढले की तो पडतो, तासभर शिडे लोंबकळतात, आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. हा बहुधा वायव्येकडचा. मांडव्यास जाणाऱ्या नौकेचे तोंड दक्षिण-आग्नेयेस असते. सकाळचा मतलई वारा तिला आडवा मिळतो, आणि शिडाच्या नौकेस आडवा वारा सर्वांत सुखाचा. परतीच्या वेळी मात्र खारा वारा जवळजवळ समोरून येतो. समोरच्या वाऱ्यात नौका सरळ जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढीत पुढे सरकावे लागते आणि ८ मैलांचे अंतर पाण्यावर बारा-तेरा मैलांचे होते. अशा वेळी पाण्याचा ओढ विरुद्ध असला तर संध्याकाळ पाण्यावरच होते. म्हणून मांडव्याच्या सहलीस असा दिवस हवा की, सकाळी ओहोटीने नौका बाहेर न्यावी व दुपारी भरतीने ती आत आणावी. वरच्या हिशेबाप्रमाणे तो दिवस अष्टमी-नवमीच्या आसपास येतो. त्या दिवसांत भांगाची भरती असल्याने ओढ मदतीपुरता असतो, पण नौकेस भलतीकडे लोटण्याइतका जोरकस नसतो, हा आणखी एक लाभ.

घारापुरीचे गणित उलटे. ती बंदराच्या आतल्या अंगास असल्याने जाताना भरती व येताना ओहोटी हवी. म्हणजे दुपारी भरती पूर्ण होणारे दिवस, अर्थात पौर्णिमा व अमावास्या यांच्या जवळचे. उशिरा सकाळी निघावे, खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक पाठीवर घ्यावी, लेणी पाहून उन्हे कलण्याच्या आत परत फिरावे. भरतीच्या वेळी पोहोचण्याचा दुसरा फायदा असा की, बेटाभोवतीचा चिखल पाण्याखाली असतो आणि होडी धक्क्याशी नीट लागते. परतीस वारा तोंडावर असतो खरा. तथापि उधाणाच्या ओहोटीचा ओढ त्याची भरपाई करतो. मुंबईत मोठ्या उधाणास पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढउतार करते, भांगास त्याच्या निम्म्याहूनही कमी. यावरून ओढाच्या बळातील फरक ध्यानात येईल. क्लबाच्या छापील पत्रकात ‘अमुक रविवारी घारापुरी, तमुक रविवारी मांडवा’ असा क्रम दिसला, तर त्यामागे चिटणिसाच्या लहरीपेक्षा चंद्राची गती शोधावी हे बरे.

या सहलींत बापुडवाणेपणाही पुष्कळ असतो. वारा पडल्यावर भर उन्हात दोन तास एकाच बोयाकडे पाहत बसणे, शिदोरीतील पाणी संपणे, जाळ्याच्या दोरात सुकाणू अडकणे हे प्रसंग नौकाविहार करणाऱ्या कोणासही नवे नाहीत. सीबर्ड नावाच्या लहान लाकडी नौका मुंबईत दीर्घकाळ लोकप्रिय राहिल्या. त्यांत यंत्र नसल्याने अशा वेळी वल्हे किंवा धीर, या दोहोंपैकी एकाचा आश्रय करावा लागे.

दिवसभराच्या सहलीपलीकडे जाणारे सभासद थोडे. मांडव्याच्या दक्षिणेस खांदेरी व उंदेरी ही बेटे लागतात. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांशी जो झगडा झाला, त्यात इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या नौका पकडता आल्या नाहीत. वारा पडला की वल्ह्यांनी चालणारी नौका शिडाच्या जहाजास भारी पडते, हे तेथे सिद्ध झाले. १८६७ पासून तेथे दीपगृह आहे, आणि १९९८ पासून बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. पुढे मुरुड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे एकेका दिवसाच्या अंतराने येत जातात. वेंगुर्ल्यासमोरील खडकांच्या समूहापासून दूर राहून गोव्यास जाता येते. मुंबई ते पणजी हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या घरात आहे. जाताना वायव्य वारा पाठीशी असल्याने प्रवास सुखाचा. उत्तरेकडे परतताना तोच वारा नाकासमोर. म्हणून गोव्याची सहल ठरविणाऱ्याने जाण्याचे दिवस मोजू नयेत, येण्याचे मोजावेत, हा जुना दंडक आजही खरा आहे. शिवाय जानेवारीत परतीस निघालेला माणूस महिनाभर बंदरोबंदर थांबत आला तरी चालते. मेच्या मध्यानंतर तसे चालत नाही.

न चालण्याचा अर्थ काय, हे मुंबईने १७ जुलै १९४७ रोजी पाहिले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ मोसमी वादळात उलटली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती विहाराची नौका नव्हती. आषाढ अमावास्येसाठी गावी निघालेले लोक तीत होते. यॉट क्लबाचा सभासद त्या महिन्यात पुण्यास असे आणि त्याची नौका छपराखाली; रेवसच्या उतारूस मात्र हंगाम निवडण्याची मुभा नव्हती. मांडव्याकडील जलमार्ग आजही पावसाळ्यात साधारणतः बंद ठेवतात, त्यामागे ही आठवण आहे.

स्वातंत्र्यानंतर क्लबाचे रूप पालटले. पालवा बंदरावरील जुनी वास्तू क्लबाकडून गेली व क्लब समोरच्या, १८९६ सालच्या निवासी इमारतीत राहू लागला. जुन्या वास्तूत १९४९ साली होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली आणि कुलाब्याची इमारत १९६२ मध्ये पुरी होईपर्यंत तिचे बरेच काम तेथेच चालले. पुढे अणुशक्ती खात्याशीही ती जागा जोडली गेली. ज्या हिरवळीवर भारतीयांस बसता येत नव्हते, तेथील दालनांत भारतीय पदार्थवैज्ञानिकांनी विश्वकिरणांवर काम करावे, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. क्लबात आता भारतीय सभासद आहेत, भारतीय कमोडोर आहेत. शर्यती अजून ऑक्टोबरनंतरच.

नौकाविहाराचे केंद्र मात्र या काळात सैन्यदलांकडे सरकले. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९५५ पासून छात्र धरणाच्या पाण्यावर शीड हाताळण्यास शिकू लागले. १९६० साली भारतीय यॉटिंग संघटना स्थापन झाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा १९२८ पासूनचा मुठेवरील नौकासोहळा हा यास एक नागरी अपवाद; पण तेथे शिडे नाहीत, वल्ही आहेत. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधील शिडाच्या शर्यती मुंबईस घेतल्या गेल्या. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा स्पर्धेचा काळ मुंबईच्या समुद्रास नेमका मानवणारा होता. ‘फायरबॉल’ वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळविले. शंभर वर्षांपूर्वी ज्या समाजास त्या पाण्यावरच्या क्लबात प्रवेश नव्हता, त्याच समाजातील दोघांनी त्याच पाण्यावर हे पदक मिळविले.

सभासदाची ‘सहल’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो त्याची मर्यादा भारतीयांनी १९८५ मध्ये ओलांडली. सप्टेंबर १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात भूदलाच्या अभियांत्रिकी विभागाच्या तुकडीने ‘तृष्णा’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने प्रदक्षिणा करण्याची कल्पना पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी धरली. आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. समुद्र तेथून डोंगरांच्या दोन रांगांपलीकडे. २०१८ साली त्यांचे निधन झाले, पण त्यापूर्वी ही कल्पना दोनदा साकार झालेली त्यांना पाहावयास मिळाली.

या प्रदक्षिणेची नौका गोव्यात मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. ती ५६ फूट लांबीची असून २००९ च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. तिला ‘म्हादेई’ हे नाव दिले, आणि येथे समुद्राचा धागा पुन्हा घाटमाथ्यावर येतो. म्हादेई हे मांडवी नदीचे वरच्या अंगाचे नाव. ती चंदगडच्या दक्षिणेस, खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावते. तिच्या खोऱ्यात, विशेषतः सत्तरी भागात, नावेत आरूढ असलेल्या देवीच्या जुन्या पाषाणमूर्ती आढळतात. घाटाखालच्या नदीवरून होणाऱ्या दळणवळणाचे महत्त्व त्यांवरून अनुमानता येते. रानातल्या नदीचे व नाविकांच्या देवीचे नाव अशा रीतीने महासागरी नौकेस लाभले.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले. ही तारीख बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती. कोळ्यांच्या पंचांगाने समुद्र मोकळा होऊन दोन आठवडे झाले होते. क्लबाच्या पंचांगाने मात्र हंगाम उघडण्यास अद्याप दीड-दोन महिन्यांचा अवकाश होता. मग एवढ्या लवकर, मोसमी वारा तोंडावर घेऊन, का निघावे? उत्तर मुंबईत नाही. ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, हॉर्नच्या भूशिरापाशी आहे. तेथील समुद्र वर्षभर कठीण, पण डिसेंबर ते फेब्रुवारी या तेथल्या उन्हाळ्यात त्यातल्या त्यात बरा. फ्रीमँटल व लिटलटन येथे थांबून जानेवारीत हॉर्न गाठावयाचे तर मुंबई ऑगस्टात सोडणे भाग होते. पुढे पोर्ट स्टॅनली व केपटाउन येथे मुक्काम करून दोंदे मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता जाण्याचे ठरविले, त्यामुळे वाटेतील मुक्कामांचे आठवडे वाचले आणि निघण्याची तारीख १ नोव्हेंबर २०१२ पर्यंत पुढे नेता आली. तेही जानेवारीतच हॉर्नपाशी होते व ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परत आले. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’वरून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी महिला १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या, त्यांचाही हॉर्नचा वळसा जानेवारीतला. निघण्याच्या तारखा ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर अशा निरनिराळ्या, पण मधला महिना एकच. काउझचे पंचांग मुंबईने उलटे केले होते. मुंबईचे पंचांग हॉर्नच्या भूशिराने बाजूस सारले.

पावसाळा म्हणजे नौकाविहारास सुट्टी, ही समजूत समुद्रापुरतीच खरी आहे, हेही सांगितले पाहिजे. हैदराबादेत हुसेनसागरावर शिडाच्या मोठ्या शर्यती जुलै-ऑगस्टातच होतात, कारण तळ्यावर लाटांचे भय नसते आणि मोसमी वारा मात्र भरपूर मिळतो. तेथील एका क्लबात सामान्य परिस्थितीतील मुलांस या खेळाचे शिक्षण दिले जाते व त्यांतील काहींनी राष्ट्रीय स्पर्धांत नाव मिळविले आहे. सांगलीकडे कृष्णेच्या भरल्या पात्रात वल्ह्याच्या होड्यांच्या शर्यती पावसाळ्यातच होतात. तेथे क्लबही नसतो व हिरवळही नसते, काठ मात्र माणसांनी फुललेला असतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात धरणांची जलाशये पुष्कळ आहेत. त्यांवर शिडाचा अभ्यास होऊ शकेल काय, हा प्रश्न खर्चाचा जितका, तितकाच सुरक्षिततेचा आहे : डोंगरांमधून येणारा वारा क्षणोक्षणी दिशा बदलतो, पाणी खोल असते, आणि बुडत्यास काढणारी दुसरी होडी जवळ असल्यावाचून शिकणाऱ्यास पाण्यावर सोडणे योग्य नव्हे. खडकवासल्यास हा बंदोबस्त असतो. सर्वत्र असतो असे नाही.

‘तारिणी’ची दुसरी प्रदक्षिणा लेफ्टनंट कमांडर दिलना व लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून आरंभिली. त्या २९ मे २०२५ रोजी परत आल्या. मासेमारीच्या बंदीस तेव्हा तीन दिवस अवकाश होता. परंतु त्या वर्षी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा बराच लवकर, २५ मेच्या सुमारासच, गोवा व दक्षिण कोकणात पोहोचला होता, आणि नौका बंदरात शिरली तेव्हा पावसाळा सुरू झालेला होता.